तबकडीवर नसलेले कडवे मैफलीत गावे का?

नौपाडाकर :

नमस्कार. गेल्या महिन्यात घंटाळीजवळच्या एका छोट्या सभागृहात वडिलांना घेऊन जुन्या भावगीतांच्या मैफलीला गेलो होतो. मैफल मांडणारे गृहस्थ ७८ वर्षांचे आहेत. उमेदीच्या काळात त्यांनी वाद्यवृंदांत आणि ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन वाजवले. आता बोटे पूर्वीसारखी वळत नाहीत, म्हणून ते स्वतः ऑर्गनवर बसतात आणि व्हायोलिन, क्लॅरिनेट व तबला एवढ्याच साथीवर १९३० ते १९६० या काळातली गाणी तरुण गायकांकडून गाऊन घेतात. त्यांना विचारलेले नसल्यामुळे नाव लिहीत नाही. ठाण्यातले बहुतेक श्रोते ओळखतीलच.

मैफल उत्तम झाली, तरीही परतताना वडील रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. कारण असे, की तीन-चार गाण्यांत ओळखीचे शेवटचे कडवे संपल्यावर गाणे थांबलेच नाही. कधीच न ऐकलेले एखादे कडवे पुढे आले. मूळ कवितेत ते आहे, ग्रामोफोनच्या तबकडीच्या वेळात बसले नाही म्हणून गाळले गेले, असा खुलासा त्या गृहस्थांनी नंतर केला. वडील घरी आल्यावर म्हणाले, "साठ वर्षे जिथे गाणे संपत होते, तिथे ते संपू द्यावे. मी घरात पोहोचलो होतो, मला पुन्हा जिन्यात आणून उभे केले."

प्रश्न व्यवहाराचाही आहे. आमच्या संकुलाच्या ज्येष्ठ नागरिक संघाला डिसेंबरात त्यांचा कार्यक्रम ठेवायचा आहे आणि बोलणी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 'तबकडीवर आहे तेवढेच गावे' अशी अट घालावी का, आणि त्या वयाच्या कलावंताला अशी अट घालणे शोभते का? ते जे करतात त्याला पुनरुज्जीवन म्हणावे की फेरफार?

खारकर_आळी :

७८ वर्षांचे वादक आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्या! आकडा इतका छान जुळला आहे, तर अट घालून गती बिघडवू नका.

तबकडीवेडा :

आपल्या वडिलांची तक्रार मला समजते, कारण माझेही कान तबकड्यांवरच घडले आहेत. पण 'तबकडीवर आहे तेवढेच' या शब्दांत काय काय दडले आहे, ते आधी पाहू.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटे मावत. त्यातच सुरुवातीचे वाद्यसंगीत, कडव्यांमधले तुकडे आणि ध्रुवपदाच्या आवृत्त्या. पाच कडव्यांची कविता त्यात बसवायची, तर दोन कडव्यांना बाहेर उभे राहावेच लागणार. आपण ज्याला गाण्याचा घाट म्हणतो, तो पुष्कळदा त्या लाखेच्या थाळीचा घेर असतो. याउलट गीतरामायण पाहा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्याची ५६ गीते प्रसारित झाली. ती तबकडीसाठी बेतलेली नव्हती, म्हणून गदिमांना प्रसंगाला हवी तितकी कडवी लिहिता आली आणि ती लांब आहेत अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

आता स्वराकडे या. चावीच्या यंत्राची गती नेहमी अचूक असेच असे नाही. तीच तबकडी ८२-८३ फेऱ्यांनी फिरली, तर लय तर वाढतेच, शिवाय पट्टीही सुमारे अर्ध्या स्वराने चढते. आज आपण भ्रमणध्वनीवर जे 'मूळ गाणे' ऐकतो, ते कोणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर, कुठल्यातरी गतीने फिरवून उतरवलेले असते. माझ्या संग्रहातल्या एकाच गाण्याच्या दोन उतरवलेल्या प्रतींपैकी एक काळी चारमध्ये आहे आणि दुसरी पांढरी सहामध्ये, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या, अर्ध्या स्वराने वरच्या पट्टीत. यातले कोणते 'जसेच्या तसे' गावे?

सानपाडा_लोकल :

मी यांना नवी मुंबईत, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ऐकले आहे आणि एकदा ठाण्यालाही. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम आजकाल कसे होतात, हे ठाऊक असलेल्या माणसाने त्यांच्या वाढीव कडव्याबद्दल तक्रार करू नये असे मला वाटते. इतरत्र एक कीबोर्ड बाराही वाद्यांचे सोंग आणतो, गायकाच्या आवाजावर इतका घुमारा चढवलेला असतो की शब्द विहिरीतून आल्यासारखे वाटतात आणि निवेदक गाण्यापेक्षा जास्त वेळ बोलतो.

वाशीला घडलेला प्रसंग सांगतो. पहिले गाणे चालू असतानाच हे गृहस्थ ऑर्गनवरून उठले, विंगेतून खाली उतरले, प्रेक्षागृहाच्या मागे बसलेल्या ध्वनियोजकाजवळ गेले आणि सगळा घुमारा बंद करून आले. तोवर व्हायोलिनवाल्याने गाणे सांभाळले. नंतर त्यांनी श्रोत्यांना सांगितले, की भावगीत हे मायक्रोफोनचे अपत्य आहे. नाट्यसंगीताचा गायक शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकत असे. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि मग हळू बोलल्यासारखे गाणे शक्य झाले. पुढे गजानन वाटव्यांनी गणेशोत्सवाच्या मांडवात ध्वनिक्षेपकासमोर बसून कविता गायल्या, तेव्हा हजारो माणसांना ती कानाशी म्हटल्यासारखी ऐकू आली. ते हळू बोलणे घुमाऱ्यात घालून पुन्हा मोठे केले, तर उरले काय?

वाढीव कडव्यांबद्दल मात्र माझी साक्ष अपुरी आहे, कारण ठाण्याच्या मैफलीत शेवटची दोन गाणी बाकी असतानाच मी उठलो. नेरुळची गाडी कवितेच्या शेवटच्या कडव्यासाठी थांबत नाही.

जुनाच_श्रोता :

सर्वांच्या विद्वत्तेचा आदर राखून मी नौपाडाकरांच्या वडिलांच्या बाजूने उभा राहतो, कारण इथे त्यांच्या बाजूने अजून कोणीच बोललेले नाही.

वेळ कमी होता म्हणून कडवी गेली, हे अर्धे सत्य आहे. कोणती गेली, हे कोणी ठरवले? संगीतकाराने ठरवले, कधी कवीला विचारून ठरवले. पाचांपैकी तीन कडवी निवडणे म्हणजे दोन फेकून देणे नव्हे, ती रचना आहे. मूर्तिकाराने काढून टाकलेला दगड आपण गोळा करून मूर्तीला पुन्हा चिकटवत नाही. शिवाय त्या चालीत तिसऱ्या कडव्याला जी तान किंवा जो विसावा दिलेला असतो, तो 'आता हे संपत आले आहे' असे सांगण्यासाठीच असतो. त्यापुढे चौथे कडवे जोडले, की तो विसावा खोटा ठरतो.

दुसरे असे, की ही गाणी आमच्यासाठी नुसती गाणी नाहीत. गीतकार पी. सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि लता मंगेशकर यांचे सासरी निघालेल्या मुलीचे गाणे माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात, कळव्याला, भाड्याने आणलेल्या कर्ण्यावर सकाळपासून इतक्या वेळा वाजले, की वडिलांनी शेवटी ते बंद करायला सांगितले आणि बंद झाल्यावर तेच आत जाऊन रडले. त्या गाण्याची लांबी माझ्या अंगात आहे. ती वाढवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मला समजत नाही.

मंद्रसप्तक :

मी तीन वर्षे त्यांच्याकडे गायले आहे, त्यामुळे थोडे आतले सांगू शकते.

तालमीला पहिले दोन दिवस गाणे नसतेच. कविता वाचायची, नाट्यपूर्ण नव्हे, शेजारच्या माणसाला पत्र वाचून दाखवावे तशी. मूळ ध्वनिमुद्रण ऐकायला ते बंदी करत नाहीत, पण तालीम सुरू झाल्यावर ऐकू नका म्हणतात. मी सुरुवातीला माणिक वर्मांचे एक गाणे त्यांच्या लकबींसकट उचलून नेले होते आणि मनातून फार खूश होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "बाईंचा आवाज तबकडीत सुखरूप आहे. तू गाणे घेऊन ये." त्या दिवशी मी ठाणे स्टेशनपर्यंत चालत गेले, रिक्षा करण्याचेही भान राहिले नाही. पुढे त्यांनी माझ्या गळ्याला सोयीची पट्टी शोधून दिली, मूळच्यापेक्षा दोन स्वर खाली, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्यातले शब्द उच्चारता आले.

वाढीव कडव्यांसाठी ते मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन जुने काव्यसंग्रह आणि मासिकांचे अंक चाळतात. मिळालेले प्रत्येक कडवे ते घेत नाहीत. दहांतली सात-आठ कडवी ते स्वतःच बाजूला ठेवतात, कारण ती चालीत बसत नाहीत किंवा, त्यांच्याच शब्दांत, "कवीला त्या दिवशी झोप आली होती". जुनाच_श्रोता यांचा विसाव्याचा मुद्दा त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून सापडलेले कडवे ते शक्यतो शेवटी जोडत नाहीत, कवितेत ज्या जागी असेल त्या जागी मध्ये घालतात. घंटाळीच्या मैफलीत शेवटी का आले, ते मला सांगता येणार नाही, कारण आता मी त्या संचात नाही.

तबकडीवेडा :

मंद्रसप्तक यांच्या प्रतिसादामुळे एक भेद स्पष्ट करता येतो, जो माझ्या आधीच्या लिखाणात निसटला होता.

भावगीतांचे दोन वंश आहेत. एका वंशात कविता आधी असते. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता आधी होती आणि जी. एन. जोशी यांनी ती गाऊन पुढे तबकडीवर नेली. कवी अनिलांची कविता आधी होती, वाटव्यांनी ती गायली. दुसऱ्या वंशात गीत हे गीत म्हणूनच जन्माला येते. सावळाराम, जे आपल्या ठाण्याचे नगराध्यक्षही होते, ते या वंशाचे मोठे नाव. तिथे 'गाळलेले कडवे' नावाची वस्तूच बहुधा नसते, कारण कवी आणि संगीतकार एकाच मापाचे कापड बेतत असतात. जुनाच_श्रोता यांनी सांगितलेल्या गाण्याला हे गृहस्थ हात लावणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. मी ते त्यांच्याकडून दोनदा ऐकले आहे आणि दोन्ही वेळा ते तबकडीवर संपते तिथेच संपले.

मूर्तीचा दृष्टान्त मात्र पहिल्या वंशाला लागू होत नाही. तिथे कविता हीच आधीची पूर्ण मूर्ती असते आणि तबकडी हे तिचे छायाचित्र असते, चौकटीत मावेल तेवढे.

जुनाच_श्रोता :

छायाचित्र पाहूनच आम्ही प्रेमात पडलो, त्याला आता काय करावे?

पाचपाखाडीचे_वकील :

अधिकार कोणाला, असा प्रश्न वर आला आहे, त्याचे कायद्यापुरते उत्तर देतो.

प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी कृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्द आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनापासून ६० वर्षे असते. वसंत प्रभू १९६७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चालींचे संरक्षण २०२७ अखेर संपेल. सावळाराम १९९७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांचे संरक्षण २०५७ अखेरपर्यंत राहील. म्हणजे एकाच गाण्याच्या दोन अंगांना दोन वेगळी वये आहेत.

कलम ५७ प्रमाणे कर्त्याला आपल्या कृतीच्या विपर्यासाविरुद्ध दाद मागता येते, पण तो विपर्यास त्याच्या प्रतिष्ठेला बाधक असावा लागतो. कवीनेच लिहिलेले कडवे परत आणल्याने कवीच्या प्रतिष्ठेला बाधा येते, असे न्यायालयात उभे राहून म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. नौपाडाकरांसाठी व्यवहाराची गोष्ट अशी, की हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर केलेल्या प्रयोगाला कलम ५२ मध्ये सूट आहे. मात्र गायक-वादकांना मानधन देणार असाल, तर 'हौशी' हा शब्द ताणू नये आणि आवश्यक परवाना आधीच घ्यावा.

खारकर_आळी :

म्हणजे २०२८ पासून चाल मोकळी आणि शब्द कुलपात. ठाणेकरांनी गाणे तोंड मिटून गुणगुणावे, अशी कायद्याचीच इच्छा दिसते.

पेटीमास्तर :

वर अनेकांनी लिहिले, पण त्यांच्या वादनातली एक गंमत कोणी टिपलेली दिसत नाही. काही गाण्यांना ते ऑर्गनवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवतात आणि गाणे संपेपर्यंत तसेच बसून राहतात. मला वाटले थकले असतील. मध्यंतरात विचारले, तर हसून म्हणाले, "मला १९४० पासून बंदी आहे."

संदर्भ असा, की आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. श्रुतींचे, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, त्या वाद्यावर निघत नाही, असा आक्षेप होता. त्यामुळे त्या काळात आकाशवाणीसाठी बांधलेल्या भावगीतांत पेटीचा स्वर नसतो; व्हायोलिन, सारंगी, बासरी, सतार यांनी ती जागा भरलेली असते. तबकड्या आणि बैठकी यांना ही बंदी लागू नव्हती, म्हणून तिथे पेटी ऐकू येते. हे गृहस्थ प्रत्येक गाणे कुठून आले, ते पाहून हात ठेवायचे की उचलायचे, हे ठरवतात. ऑर्गन म्हणजे हार्मोनियम नव्हे, असा वाद घालता आला असता, पण मी घातला नाही. पेटीवर चाळीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते मांडीवरचे हात पाहून थोडा अपमान वाटला, हेही प्रांजळपणे लिहितो.

मूळ प्रश्नाबाबत इतकेच, की जो माणूस साथीच्या बाबतीत इतका काटेकोर आहे, तो कडव्यांच्या बाबतीत स्वैर असेल, असे मला वाटत नाही.

घोडबंदरची_धाकटी :

या धाग्यावर बहुधा मी वयाने सर्वांत लहान आहे, म्हणून वेगळी बाजू मांडते. माझ्यासाठी तबकडीवरचे कडवेही नवीन आणि गाळलेलेही नवीन. आजीला घेऊन मी त्या घंटाळीच्या मैफलीला आले होते. एका गाण्यात नायिका वाट पाहते आहे, एवढेच मला कळत होते. वाढीव कडवे आले आणि त्यातून उलगडले, की ज्याची वाट पाहते आहे तो येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. माझ्यासाठी गाणे तिथे सुरू झाले. आजीने मात्र माझा हात दाबून "हे नव्हते गं" असे तीनदा म्हटले, त्यामुळे दोन्ही पक्ष आमच्या रांगेतच होते.

माझी तक्रार वेगळीच आहे. कार्यक्रम गुरुवारी दुपारी साडेचारला ठेवला, तर नोकरी करणारे लोक येणार कसे? तरुण श्रोते येत नाहीत, असे निवेदनात सांगितले गेले, तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिसऱ्या रांगेत बसले होते.

जुनाच_श्रोता :

धाकटीच्या प्रतिसादाने मला विचारात पाडले, तरी मत बदललेले नाही. माझी सूचना अशी. आधी गाणे तबकडीप्रमाणे पूर्ण होऊ द्यावे, टाळ्या पडू द्याव्यात, मग सांगून-सवरून उरलेली कडवी ऐकवावीत. ज्यांना घरी जायचे ते मनाने घरी जातील, ज्यांना जिन्यात थांबायचे ते थांबतील.

मंद्रसप्तक :

हा प्रयोग आम्ही एकदा केला होता. त्यांनीच तो बंद केला. आधी सांगितले, की श्रोते गाणे ऐकत नाहीत, कडवी मोजत बसतात; आणि नंतर वेगळे ऐकवले, की ते कडवे वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूसारखे काचेत जाऊन बसते, असे त्यांचे म्हणणे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर त्या प्रयोगात श्रोते अधिक खूश होते आणि आम्ही गायक कमी.

नौपाडाकर :

सर्वांचे आभार. उशिरा लिहितो आहे, कारण मधल्या काळात त्यांची भेट घेऊन आलो.

अट घातली नाही, पण वडिलांची नाराजी सांगितली. ते रागावले नाहीत. कोणते गाणे खटकले, एवढेच विचारले. मी सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "त्यात चूक माझी आहे. ते कडवे मध्ये यायचे, गायक विसरला, मी ऑर्गनवरून खूण केली आणि त्याने ते शेवटी घेतले. तुमच्या वडिलांचे कान चांगले आहेत." मग कपाटातून त्या कवितेची छायाप्रत काढून वडिलांसाठी दिली. तबकडीप्रमाणे कोणती गाणी हवीत, त्याची यादी संघाने द्यावी, त्यातली निम्मी तशीच गाऊ आणि निम्म्यांबाबत त्यांना मोकळीक असावी, असे ठरले. वेळ शनिवारी संध्याकाळी सहाची घेतली आहे. घोडबंदरची_धाकटी यांनी आजींना घेऊन अवश्य यावे. परवान्याचे काम वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे सुरू केले आहे.

वडिलांनी छायाप्रत दोन दिवस टेबलावर तशीच पडू दिली. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन वाचली आणि दुसऱ्या कडव्यातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. तबकडीवर तिथे वेगळा शब्द आहे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि छापणाऱ्याने चूक केली की गाणाऱ्याने, हे ते डिसेंबरात त्यांना समोरासमोर विचारणार आहेत. कडव्याबद्दलचे मत कायम आहे.

आता एकच अडचण उरली आहे. आमचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि ऑर्गन उद्वाहनात मावत नाही. मी टेपने मोजून पाहिले. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चार धडधाकट माणसे हवी आहेत.

खारकर_आळी :

मी येतो. कडवी कितीही असोत, ऑर्गन एकदाच उचलायचा आहे ना?

नौपाडाकर :

दोनदा. रात्री खालीही आणायचा आहे.